आखाडी ते पोळा: नागपूरच्या काळ्या मातीत निळी विष्णुक्रांता का सडते

काळ्या मातीच्या अंगणात ज्यांनी वाफ्याच्या किनारीला किंवा रॉक गार्डनच्या दगडांमध्ये निळ्या फुलांची बुटकी विष्णुक्रांता लावली आहे, त्यांना तिचे वर्षभराचे वेळापत्रक एव्हाना पाठ झाले असेल. थंडीत रोप स्थिरावते, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलांनी भरून जाते, पाणी नियमित मिळाले तर मे महिन्यातले पंचेचाळीस अंशांचे ऊनही निभावून नेते, आणि मृगाच्या सरी सुरू होऊन महिना झाला की आखाडीच्या सुमारास मधलीच एखादी फांदी मलूल होते. आठवडाभरात रोपाचा मध्यभाग काळा पडतो, कडेच्या दोन-चार फांद्या तेवढ्या हिरव्या राहतात आणि पोळ्याला बैल सजेपर्यंत त्या जागी ओल्या काड्यांचा झुपका उरतो. दिवाळीनंतर आपण नवे रोप आणतो आणि पुढच्या आखाडीला पुन्हा तेच घडते.

माझ्या घरी हे सलग तीन पावसाळे घडले. फाटकापासून पायऱ्यांपर्यंतच्या किनारीत दर वर्षी बारा रोपे लावली आणि दर वर्षी त्यांतील नऊ-दहा गमावली. पहिल्या वर्षी रोपे निकृष्ट असतील असे समजून नर्सरी बदलली, दुसऱ्या वर्षी बुरशीनाशक बदलले आणि तिसऱ्या वर्षी, आता मुळाशीच जाऊ या म्हणून, प्रत्येक रोपासाठी हातभर खोल खड्डा खणून त्यातील काळी माती काढून टाकली आणि रेती, शेणखत व कोकोपीटचे उत्तम मिश्रण भरले. त्या वर्षी रोपे सर्वांत लवकर मेली. आषाढ संपण्यापूर्वीच किनार रिकामी झाली होती. खरे कारण मला याच तिसऱ्या अपयशातून उमगले, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी रोपाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण नावांचा घोळ मोठा आहे. नर्सरीत ‘ब्लू डेझ’, ‘विष्णुक्रांता’ किंवा नुसतेच ‘निळी शंखपुष्पी’ म्हणून जे मिळते, ते इव्हॉल्व्ह्युलस ग्लोमेरॅटस. ते मूळचे ब्राझील, पॅराग्वे या दक्षिण अमेरिकेतील भागांतले असून कुळ मात्र गारवेलीचे आहे. ते वेलासारखे कशावर चढत नाही, वीत-दीड वीत उंचीचे राहून दोन फुटांपर्यंत आडवे पसरते. ‘उलगडणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव मिळाले तेही याच न वेढण्याच्या स्वभावामुळे. आपल्याकडे मुरमाड माळावर गवताच्या आड जी अगदी लहान निळ्या फुलांची, जमिनीला चिकटलेली रानविष्णुक्रांता दिसते, ती याच्याच वंशातील देशी बहीण, इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉयडिस. औषधी म्हणून तिची ओळख जुनी आहे. या देशी रोपाची जागा नीट पाहिली असती, तर माझी दोन वर्षे वाचली असती, कारण ती काळ्या शेतात फारशी आढळत नाही. जेथे पावसाचे पाणी पडताक्षणी निसटून जाते अशा उतारावर, मुरमात आणि दगडांच्या फटीत ती सुखाने राहते.

दोन्ही रोपांच्या पानांवर रेशमी, रुपेरी लव असते. उन्हाळ्यात ही लव पानातील ओल जपते आणि म्हणूनच मे महिन्यात हे रोप आपल्या कितीतरी नाजूक पाहुण्यांपेक्षा कणखर ठरते. पावसाळ्यात तीच लव पाण्याचे थेंब धरून ठेवते, दाट झुपक्याच्या आत वारा पोहोचत नाही आणि आतील पाने दिवसेंदिवस ओली राहतात. तरीही फक्त पानांवरील ओलीने रोप सहसा मरत नाही. ते मरते जमिनीलगतच्या खोडाच्या भागात, म्हणजे बुंध्यात, आणि मुळांत.

रोग नक्की कोणता हे कसे ओळखावे

मलूल झालेले रोप पाहिले की आपला हात आपोआप झारीकडे जातो, आणि येथेच सर्वांत मोठी चूक होते. माती ओली असताना पाने कोमेजत असतील, तर रोपाला पाणी कमी पडलेले नसते. पाणी वर नेणारी मुळेच निकामी झालेली असतात. म्हणून पाणी घालण्यापूर्वी बोटभर खोल माती उकरून पाहावी. ती हाताला चिकटत असेल, तर झारी बाजूला ठेवून रोप खुरप्याने अलगद उचलावे.

मी तिसऱ्या वर्षी उचललेल्या पहिल्या रोपाचे मूळ आजही डोळ्यांसमोर आहे. वरून ते तपकिरी आणि फुगलेले दिसत होते. चिमटीत धरून हलकेच ओढले तर वरची साल मोज्यासारखी निघून बोटांत आली आणि आत दोऱ्याइतकी बारीक, पांढुरकी शीर तेवढी उरली. मातीला नाल्याच्या गाळासारखा कुबट वास होता. बुंध्याची साल नखाने खरवडली, तर जमिनीच्या रेषेच्या वर हिरवी आणि खाली चॉकलेटी निघाली, आणि या दोन रंगांमधील सीमा अगदी स्पष्ट होती. ही लक्षणे पिथियम, फायटोफ्थोरा यांसारख्या पाण्यात फोफावणाऱ्या बुरशीसदृश जीवांमुळे होणाऱ्या मूळकुजीची आहेत. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात, म्हणून मातीतील पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की त्यांचे काम सोपे होते.

संत्र्याच्या बागा असलेल्या आपल्या भागाला हा शत्रू नवा नाही. बागायतदार ज्याला ‘डिंक्या’ म्हणतात, तो रोग फायटोफ्थोरामुळेच होतो, आणि त्यावर त्यांनी जी पद्धत अंगवळणी पाडली आहे ती फुलझाडे लावणाऱ्यांनी जरूर पाहावी. ते झाडाला दुहेरी आळे करतात. खोडाजवळच्या आतील आळ्यात पाणी जाऊ देत नाहीत, ते बाहेरच्या आळ्यात सोडतात आणि खोडाला पावसाळ्याच्या आधी व नंतर बोर्डो मलम, म्हणजे मोरचूद व चुन्याचा लेप, लावतात. औषध ते वापरतातच, पण बुंधा कोरडा ठेवण्याची काळजी आधी घेतात. मी तीन वर्षे याच्या नेमके उलट करत होतो.

मर दुसऱ्या कारणांनीही होऊ शकते. बुंध्यावर मातीचा पातळ लेप आणि कुरतडल्याच्या खुणा दिसल्या तर ती वाळवी आहे. मुळे तुटलेली असून मातीत इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी सापडली तर ती हुमणी आहे. या दोन्हींत मुळांना कुबट वास येत नाही. शेंड्यांवर कापसासारखे पुंजके असतील तर पिठ्या ढेकूण असतो, आणि त्याने रोप खंगले तरी आठवड्यात मरत नाही.

खड्डा म्हणजे हौद

नागपूर शहराचा बराच भाग दख्खनच्या काळ्या अग्निजन्य खडकाच्या पूर्व कडेवर वसलेला आहे; सीताबर्डीची टेकडी त्याच खडकाची. या बेसाल्टच्या झिजेतून झालेल्या काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण फार असते, आणि त्यातील स्मेक्टाइट गटातील खनिजे पाणी शोषून फुगतात व वाळली की आकसतात. उन्हाळ्यात जमिनीला ज्या हातभर खोल भेगा पडतात त्या यामुळेच. पहिला पाऊस या भेगांतून झपाट्याने आत जातो, म्हणून जूनमध्ये आपल्याला वाटते की निचरा उत्तम आहे. पंधरा दिवसांत माती फुगते, भेगा मिटतात आणि त्यानंतर पाणी खाली जाण्याचा वेग इतका मंदावतो की अंगणात दिवसभर डबकी राहतात. वर्षाच्या सुमारे अकराशे मिलिमीटर पावसातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो, हेही लक्षात घ्यावे.

आता अशा मातीत खड्डा खणून त्यात भुसभुशीत मिश्रण भरले तर काय होते, याचा विचार करावा. खड्ड्याच्या भिंती आणि तळ फुगलेल्या काळ्या मातीचे असतात, म्हणजे जवळजवळ लिंपलेल्या रांजणासारखे. भोवतालच्या जमिनीवरून वाहणारे पाणी, जेथे आत शिरायला वाट मिळते तेथे, म्हणजे आपल्या भुसभुशीत मिश्रणात शिरते आणि मग त्याला बाहेर जायला वाट उरत नाही. जितके चांगले मिश्रण, तितका मोठा हौद. म्हणूनच तिसऱ्या वर्षी, सर्वाधिक मेहनत घेऊनही, माझी रोपे सर्वांत लवकर गेली. खड्ड्याच्या तळाशी गिट्टीचा किंवा विटांच्या तुकड्यांचा थर देण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, त्यानेही हौदाचा हौदच राहतो. शिवाय बारीक मातीतील पाणी खालच्या जाड थरात तोपर्यंत उतरत नाही, जोपर्यंत वरची माती पूर्ण भिजून तुडुंब होत नाही, म्हणून मुळांभोवतीचा ओला पट्टा उलट वर सरकतो.

खात्री करून घ्यायची असेल तर एक सोपी चाचणी आहे. जुलैमध्ये दोन दिवस उघडीप मिळाली की किनारीत फूटभर खोल आणि तितकाच रुंद खड्डा खणून तो पाण्याने भरावा, पाणी जिरले की पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळी दर तासाला पाण्याची पातळी किती उतरते ते पट्टीने मोजावे. तासाला दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा कमी उतरत असेल, तर या रोपासाठी तेथे खड्डा खणू नये. माझ्या अंगणात सकाळी दुसऱ्यांदा भरलेले पाणी संध्याकाळच्या चहाच्या वेळीही अर्ध्याहून अधिक तसेच होते.

काळ्या मातीत एक-दोन घमेली रेती मिसळून ती सुधारेल, अशीही समजूत आहे. थोड्या रेतीने काळी माती मोकळी होत नाही. रेतीचे कण चिकणमातीत रुतून बसतात आणि वाळल्यावर विटेसारखा गठ्ठा तयार होतो. रेतीने फरक पडायला ती मातीपेक्षा कितीतरी जास्त लागते, आणि एवढी रेती आणायचीच असेल, तर ती जमिनीच्या आत पुरण्याऐवजी जमिनीच्या वर ठेवणे शहाणपणाचे आहे.

उपाय: खणू नका, उंच करा

चौथ्या वर्षी, कोजागरीनंतर जमीन खुरप्याला जुमानू लागल्यावर, मी संपूर्ण किनार जमिनीच्या वर बांधली. त्यातील सर्वांत महत्त्वाचे काम कोणाच्या लक्षातही येणार नाही असे, म्हणजे अगदी तळाचे आहे. आधी मूळ काळ्या मातीलाच कासवाच्या पाठीसारखा आकार द्यावा: मध्यभागी चार बोटे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरती, म्हणजे वरून झिरपत आलेले पाणी तेथे साचण्याऐवजी बाहेर घसरेल. मग या पाठीवर सब्बलीने हलके टोचे मारून त्यात थोडा मुरूम मिसळून घ्यावा, कारण काळी माती आणि वरचे मिश्रण यांच्यात चाकूने कापल्यासारखी सीमा राहिली, तर पाणी त्या सीमेवर थबकते.

त्यानंतर कडेला काळे दगड बसवावेत. दगड नुसते ठेवू नयेत. त्यांचा एक तृतीयांश भाग जमिनीत रुतवावा आणि ते किंचित आतल्या बाजूला कलते ठेवावेत, म्हणजे पावसाने मिश्रण ढकलले तरी ते सरकत नाहीत. दगडांमधील फटी सिमेंटने बुजवू नयेत, पाणी बाहेर पडण्याच्या वाटा त्याच आहेत. आमच्या गवंडीकाकांनी आपुलकीने मसाला कालवून आणला होता आणि ‘काकाजी, असं कोरडं ठेवलं तर पहिल्याच पावसात वाहून जाईल’ असे दोनदा बजावले होते. त्यांचे समाधान होईपर्यंत मी प्रत्येक दगडावर उभा राहून दाखवला.

मिश्रणासाठी मी दोन घमेली बारीक मुरूम, दोन घमेली जाड रेती, एक घमेले काळी माती आणि एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत असे प्रमाण ठेवले. रेती कन्हान नदीची मिळाली तर तिच्यातील बारीक गाळ चाळून काढावा, कारण तोच गाळ पुढे फटी बुजवतो. काळी माती पूर्णपणे वगळू नये. उन्हाळ्यात ओल धरून ठेवण्याचे काम तिचेच आहे, आणि मुरूम-रेतीच्या कोरड्या ढिगात हे रोप मे महिन्यात तग धरणार नाही. शेणखतात पंधरा दिवस आधी ट्रायकोडर्मा मिसळून ते सावलीत, ओलसर पोत्याखाली ठेवले तर अधिक चांगले. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी असल्यामुळे तिच्यासोबत किंवा तिच्या मागोमाग ताम्रयुक्त औषध देऊ नये. वाफ्याची उंची मध्यभागी किमान फूटभर असावी. माती पहिल्या वर्षातच दोन-तीन बोटे दबते.

लावताना नर्सरीच्या पिशवीतील लाल मातीचा घट्ट गड्डा तसाच पुरू नये. तो बादलीत अर्धा तास भिजवून बाहेरची एक तृतीयांश माती बोटांनी मोकळी करावी, नाहीतर मोकळ्या मिश्रणातही तो गड्डा चिखलाचा स्वतंत्र गोळा म्हणून राहतो. रोप लावल्यावर बुंधा भोवतालच्या मातीपेक्षा बोटभर वर असला पाहिजे. त्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करण्याऐवजी बोराएवढी खडी पसरावी: पावसाळ्यात बुंधा लवकर कोरडा होतो, मातीचे शिंतोडे खालच्या पानांवर उडत नाहीत आणि उन्हाळ्यात खडीखालची ओल टिकते. दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवावे. नव्या किनारीत हे अंतर डोळ्यांना खुपते, पण रोपे जवळ लावली की जुलैमध्ये हवा खेळत नाही.

लागवडीची वेळ हा मुद्दा मला विशेष आग्रहाने सांगावासा वाटतो. आपण सर्व जण पहिला पाऊस पडला की नर्सरीत जातो, आणि आंबा, कडुनिंब, मोगरा यांच्यासाठी ते योग्यच आहे. विष्णुक्रांतेसाठी मात्र जून हा सर्वांत वाईट महिना आहे, कारण पिशवीतून नुकतीच निघालेली, जखमी मुळे थेट चिंब मातीत जातात. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा या काळात लावलेले रोप पावसाळ्यापूर्वी खोल मुळे धरते.

या बांधणीनंतर लावलेल्या बारा रोपांपैकी पहिल्या पावसाळ्यात एकच गेले, आणि तेही छतावरील पाण्याचा पाईप जेथे सुटतो त्याच्या अगदी समोरचे. तो पाईप दुसरीकडे वळवल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात एकही गेले नाही. गल्लीत नवा सिमेंटचा रस्ता होऊन ज्यांचे अंगण रस्त्यापेक्षा खाली गेले आहे, त्यांनी वाफा बांधण्याआधी हे येणारे पाणी कोणत्या वाटेने बाहेर काढायचे, हे ठरवावे. कितीही उंच वाफ्याचा तळ आठवडाभर पाण्यात राहिला तर उपयोग नाही.

कूज सुरू झालीच असेल तर

एखादी फांदी मलूल दिसताच पाणी थांबवावे, बुंध्याभोवतीची माती व खडी हाताने बाजूला करून तो उघडा करावा आणि काळ्या पडलेल्या फांद्या स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने हिरव्या भागापर्यंत कापून टाकाव्यात. एक लिटर पाण्यात तीन ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून बुंध्याशी ओतावे, आणि हे काम उघडीप असताना सकाळी करावे. बुंधा सर्व बाजूंनी चॉकलेटी झाला असेल, तर औषधाने तो पुन्हा हिरवा होणार नाही. अशा वेळी रोपावर वेळ घालवण्यापेक्षा कडेच्या निरोगी शेंड्यांची कलमे घ्यावीत आणि उरलेले रोप मुळांसकट उपटून कचऱ्यात द्यावे, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये.

कलमांसाठी फूल नसलेले, बोटभर लांबीचे कोवळे शेंडे घेऊन खालची पाने काढावीत आणि ते रेती व कोकोपीटच्या समान मिश्रणात, पावसाचा थेंब पडणार नाही पण उजेड भरपूर मिळेल अशा पडवीत ठेवावेत. साधारण तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. मी आता रोपे निरोगी असली तरी जूनच्या पहिल्या आठवड्यात सर्व झुपके एक तृतीयांश छाटतो, ज्यामुळे आतून वारा खेळतो, आणि छाटलेल्या शेंड्यांतून सहा-सात कलमे करून ठेवतो.

पावसाळ्यात अनेक जण फुले मिटलेली पाहूनच घाबरतात. या रोपाचे प्रत्येक फूल एकाच दिवसाचे असते. ते सकाळी उमलते, दुपारनंतर मिटते आणि आभाळ भरलेले असेल तर पूर्ण उघडतही नाही. पाने ताठ आणि रुपेरी असतील, तर तो आजार नव्हे. ऊन असतानाही फुले येत नसतील, तर रोपाला दिवसातून सहा तास थेट ऊन मिळते का ते पाहावे, आणि युरिया दिला असेल तर तो बंद करावा. भरपूर नत्राने पाने माजतात आणि झुपका दाट होऊन कुजीला आमंत्रण मिळते.

दर वर्षी एक काम मात्र करावेच लागते. पावसाने मिश्रण दबते, कडेला थोडे वाहून जाते आणि बुंध्याभोवती नकळत खोलगट वाटी तयार होते. पाऊस ओसरल्यावर मी प्रत्येक रोपाजवळ बसून खडी बाजूला करतो, बोट बुंध्यापासून बाहेर फिरवून उतार बाहेरच्या दिशेला आहे ना हे तपासतो आणि जेथे बोट आत घसरते तेथे ओंजळभर मुरूम-रेती घालून खडी पुन्हा पसरतो. बारा रोपांना अर्धा तास पुरतो.